कोऱ्या बाटलीतला अमोनिया

कोऱ्या बाटलीला एकच काम असतं. तिच्यात काही नसावं.

समुद्राच्या पाण्याच्या चोवीस बाटल्या टेबलावर रांगेनं उभ्या राहिल्या, की त्यांच्या शेपटाला शुद्ध पाण्याच्या तीन कोऱ्या बाटल्या लावायच्या. चोवीस जणींना जे रसायन, तेच या तिघींना. रसायन घातल्यावर तेवढाच वेळ अंधारात, त्याच यंत्रात, त्याच क्रमानं. शेवटी यंत्रानं या तिघींबद्दल म्हणायचं, इथं काही नाही. ते एकदा म्हटलं, की बाकीच्या चोवीस जणी जे सांगतील त्यावर विश्वास ठेवता येतो.

त्या गुरुवारी यंत्र म्हणालं, इथं आहे.

अण्णांनी यंत्र बंद केलं, दहा मिनिटं त्याला विचार करायला वेळ दिला आणि पुन्हा चालू केलं. यंत्र आपल्या म्हणण्यावर ठाम होतं. कोऱ्या बाटलीत अमोनिया होता आणि थोडाथोडका नव्हता. खाडीच्या तोंडाशी उपसलेल्या पाण्यात असतो त्याहून जास्त होता.

अण्णा किनाऱ्यावरच्या या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं पाणी मोजत होते. शास्त्रज्ञ आले, बढत्या घेऊन गेले. अण्णा आणि पाणी तेवढे राहिले. त्यांच्या खोलीच्या दारावर त्यांनी स्वतः टंकलेले चौदा नियम चिकटवलेले होते. विडी-सिगारेट ओढून आलेल्यानं दोन तास आत येऊ नये. फरशी पुसायचं औषध या मजल्यावर आणू नये. अत्तर लावू नये. उघड्या बाटलीवर बोलू नये. नववा नियम होता, उसासे टाकू नयेत. नवीन माणसं तो वाचून हसायची. पण माणसाच्या श्वासातही अमोनिया असतो, आणि समुद्रात तो इतका थोडा, की एका उसाशानं खाडीचं चित्र पालटतं. अण्णा बाटलीवर नाक टेकेल इतके वाकून, श्वास रोखून थेंब मोजायचे. बत्तीस वर्षांत त्यांच्याकडून एकही उसासा सुटला नव्हता. कामावर असताना तरी.

हे एवढं कशासाठी, असं एकदा मावशीनं त्यांना विचारलं होतं. मावशी म्हणजे या मजल्याची झाडलोट करणारी बाई. अण्णांपेक्षा ती सात वर्षांनी लहान होती, पण मावशी हे पद वयावर मिळत नसतं.

"पाण्यात हिरवे जीव असतात, मावशी," अण्णांनी सांगितलं. "डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक. उन्हावर जगतात. पण नुसत्या उन्हावर वाढ होत नाही, नायट्रोजन लागतो."

"खत."

"खतच. मग ते मरतात, नाहीतर त्यांना कुणीतरी खातं आणि घाण करतं. त्या सगळ्या उष्ट्याखरकट्याचा जीवाणू अमोनिया करतात. तो हिरव्यांच्या फार आवडीचा, लगेच ओढून घेतात. उरलाच तर दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करून ठेवतात, पुढंमागं लागेल म्हणून फळीवर ठेवावं तसं. आणि तळाच्या चिखलात, जिथं हवा पोचत नाही, तिथं तिसरेच जीवाणू हवेऐवजी त्या नायट्रेटवर श्वास घेतात आणि नायट्रोजन पुन्हा वर हवेत सोडून देतात."

मावशीनं फडकं पिळलं. "म्हणजे तिथंही मावश्या आहेत."

"आहेत."

"रजा मिळते?"

"नाही."

"मग माझं बरं चाललंय म्हणायचं," असं म्हणून ती बोळ पुसायला गेली. ओळीला ओळ जुळवायची तिला खोड होती. त्या दिवशी बोळाच्या पार दुसऱ्या टोकापासून ऐकू येत होतं:

मरून गेलं कोणी, कुणाच्या पोटी आलं
समुद्राच्या घरी बाई, वाया काही नाही गेलं

अण्णांना बत्तीस वर्षांत हे दोन ओळींत सांगता आलं नव्हतं. त्यांनी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि खाली तारीख घातली. तारखेशिवाय ते काहीच लिहीत नसत.

दर गुरुवारी सकाळी धक्क्याच्या टोकावरून पाणी उपसायचं. निम्म्या बाटल्या उजेडात ठेवायच्या, निम्म्या काळ्या कापडात गुंडाळून. उजेडातल्या बाटलीत हिरवे अमोनिया खातात, अंधारातल्या बाटलीत जीवाणू तो परत करतात. एक घेते, एक देते. किती घेतला आणि किती दिला, ते अण्णा मोजायचे. काही गुरुवारी घेणं जास्त असायचं, काही गुरुवारी देणं. वर्षाच्या शेवटी दोन्हींत फारसा फरक नसे. जगात असं एक तरी घर असावं, याचं अण्णांना बरं वाटे.

आणि मग गेल्या वर्षी आकडे चढायला लागले. दर गुरुवारी नाही. एक गुरुवार आड.

प्रयोगशाळेच्या मॅडमनी ते आधी पाहिलं. मॅडम चाळिशीच्या आतल्या, कमी बोलणाऱ्या, चहा गार करून पिणाऱ्या. त्यांनी भरती-ओहोटीचं कोष्टक आणून आकड्यांशेजारी ठेवलं. चढलेला प्रत्येक गुरुवार पौर्णिमा-अमावास्येला लागून होता. उधाणाच्या वेळचा. उधाणाचं पाणी तळाचा चिखल ढवळतं, चिखलात जीवाणूंनी साठवलेला अमोनिया वर येतो, हिरव्यांची चंगळ होते. इतकं सरळ होतं सगळं. मॅडम शोधनिबंध लिहायला बसल्या. अण्णांना त्या दिवसांत धक्क्यावरून परतताना उगाच वर बघायची सवय लागली. बत्तीस वर्षांच्या पाण्यात पहिल्यांदा चंद्र दिसला होता.

चार-पाच महिन्यांनी चंद्र पुढं निघून गेला.

उधाण चौदा दिवसांनी येत नाही, पावणेपंधरा दिवसांनी येतं. दर खेपेला पाऊण दिवस सरकतं. सरकता सरकता उधाणाचा दिवस गुरुवार सोडून शुक्रवारवर गेला, रविवारवर गेला. अमोनिया मात्र गुरुवार सोडेना. शेवटी ऐन अष्टमीला, पाणी मेल्यासारखं पडलेलं असताना, त्यानं वर्षातला सगळ्यात मोठा आकडा दिला.

"अण्णा," मॅडम म्हणाल्या, "समुद्राला वार कळत नाही."

"नाही कळत."

"वार माणसाला कळतो."

कोऱ्या बाटल्या तोपर्यंत फक्त सोमवारी, यंत्र तपासताना लावायची पद्धत होती. त्या आता गुरुवारच्या रांगेतही लावा, असं मॅडमनी सांगितलं. अण्णांनी लावल्या. आणि यंत्र म्हणालं, इथं आहे.

एक गुरुवार आड या मजल्यावर काय होतं, याचा शोध घ्यायला फार वेळ लागला नाही. एक गुरुवार आड मावशी लांब बोळ धुऊन पुसायची. एरवी नुसता केर काढायची, पण त्या दिवशी बादली, फडकं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कामाच्या तक्त्यावर तसं लिहिलेलंच होतं.

"औषध वापरत नाही मी," मावशी म्हणाली. "सहा वर्षांमागं अण्णांनी नको म्हटलं, तेव्हापासून नुसतं पाणी."

अण्णांनी अहवाल लिहिला. संभाव्य स्रोत: फरशी पुसण्याचं द्रावण. पाच शब्द. त्यातला पहिला त्यांनी बराच विचार करून घातला होता. वरच्या कचेरीत नेमका तोच गळाला. मंगळवारी झाडलोटीच्या ठेकेदाराचा मुकादम कागद घेऊन आला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मावशीची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसच्या आगारात.

मावशीचं घर प्रयोगशाळेच्या मागं, भिंतीला लागून. घरात नवरा, तीन वर्षांमागं त्याचं डावं अंग गेलं. रोज दुपारी एक वाजता मावशी अर्धा तास घरी जायची, त्याला कुशीवर वळवायची, घास भरवायची आणि परत यायची. आगारातून दोन बस बदलून हे जमणार नव्हतं.

"शेजारीण नाही का?" मुकादमानं विचारलं.

"शेजारणीच्या हातचं खात नाही तो. तोंड मिटून घेतो." मावशीनं कागदाची घडी घातली. "अर्धं अंग गेलंय, हट्ट सगळा शिल्लक आहे."

मुकादम म्हणाला, वाईट वाटतं, पण हुकूम वरून आहे. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे फक्त हुकूम आणायचं काम होतं, परत न्यायचं नव्हतं.

तो गेल्यावर मावशी अण्णांच्या दारापाशी आली. नियमाप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि बादली आत सरकवली.

"नाक घाला."

"मावशी..."

"घाला म्हणते ना. सहा वर्षं तुमच्या शब्दावर गार पाण्यानं फरश्या पुसते. नाक घाला आणि सांगा."

अण्णांनी बादलीत नाक घातलं. बादलीला बादलीचा वास होता.

"वास येत नाही," ते म्हणाले. "पण वास येत नाही म्हणजे नाही, असं नसतं. इतकं थोडं असतं की नाकाला कळत नाही. बाटलीला कळतं."

"मग बाटलीला विचारा की! मला कशाला घालवता? चोर सोडून संन्याशाला फाशी." तिनं बादली उचलली. "आणि चोर पकडलाच नाही तुम्ही. नुसता संन्यासी बघितला, म्हणालात हाच बरा, जवळ आहे."

ती गेल्यावर अण्णा खुर्चीत बसले. त्यांना आठवेना, आपण बाटलीला का विचारलं नाही. आयुष्यात त्यांनी प्रत्येक गोष्ट बाटलीला विचारली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारायला सुरुवात केली. मावशीच्या बादलीतलं पाणी मोजलं, काही नाही. फडकं शुद्ध पाण्यात भिजवून मोजलं, नुसती धूळ. बोळात दहा पावलांवर एकेक अशा उघड्या कोऱ्या बाटल्या ठेवल्या आणि मावशीला त्यांच्यामधून बोळ पुसायला लावला. ती बाटल्यांना वळसे घालत, ओठ घट्ट मिटून पुसत गेली. गाणं नव्हतं. त्याही बाटल्या कोऱ्या निघाल्या. त्यांनी मोरीत बाटली ठेवली, जिन्यात ठेवली, वरच्या गच्चीत जिथं समुद्रपक्षी बसतात तिथं ठेवली. पक्ष्यांचं थोडं निघालं, पण पक्षी वार बघून येत नाहीत.

मुकादमाला त्यांनी आकडे दाखवले. मुकादमानं आदरानं पाहिले आणि म्हणाला, "आज नाही हो अण्णा, पण त्या गुरुवारी घातलं असेल तिनं औषध. ते कसं कळणार?"

ते खरंच कळणार नव्हतं. कोरी बाटली आजचं सांगते; गेल्या गुरुवारचं ती सांगत नाही.

शेवटी त्यांनी जुनी नोंदवही काढली आणि वर्षभराचे गुरुवार एकेक करून वाचले. चढलेला, उतरलेला, चढलेला, उतरलेला. जात्याच्या घरघरीसारखं एका लयीत चाललं होतं. मधे एका ठिकाणी लय चुकली. मावशीचा पुसायचा गुरुवार, तक्त्यावर तिची खूण, आणि अमोनिया मात्र साधा, एरवीसारखा, शहाण्या मुलासारखा. शेजारी अण्णांनीच पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: शंकास्पद. मॅडमनी मोजले.

त्या दिवशी अण्णांची दाढ काढायची होती. ते रजेवर होते. मॅडमनी स्वतः मोजणी केली होती, आणि मॅडमची पद्धत अण्णांना ठाऊक होती. हात लांब करून, मान मागं, जणू बाटली चावेल. अण्णांनी तो आकडा कधी धरलाच नव्हता.

आता ते त्या आकड्याकडे बघत राहिले. त्या गुरुवारी मावशी होती, बादली होती, मॅडम होत्या, समुद्र होता. जो नव्हता, तो एकच होता.

त्यांची बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. गेल्या वर्षी दुकानानं तिला एक बुधवार आड दुपारनंतर सुट्टी द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्याच सुट्टीत ती केसांच्या रंगाची एक पेटी घेऊन आली. अण्णांचं डोकं तेव्हा कापसाच्या बोंडासारखं होतं. नको नको म्हणत ते बसले. तिनं त्यांच्या गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळला, वाटीत दोन ट्यूबांतलं पिळून कालवलं, आणि ब्रशानं भांगाभांगातून लावत गेली. लावता लावता बोलत राहिली. दुकानात कोण आलं, कुणाचा खोकला बरा होत नाही, कोण आपल्या सासूच्या गोळ्या स्वतःच खातो. चाळीस मिनिटं. केस काळे झाल्याचं अण्णांना काही विशेष वाटलं नाही. पण लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर आपल्या डोक्यावर कुणाची तरी बोटं चाळीस मिनिटं फिरताहेत आणि कानाशी कुणीतरी बोलतंय, याला त्यांनी पुन्हा नको म्हटलं नाही. एक बुधवार आड ते संध्याकाळी पाचलाच घरी येऊ लागले.

त्या बुधवारी ते पिशवीत सहा बाटल्या घेऊन आले. मावशीची बदली शुक्रवारपासून होती.

"हे काय?" बायकोनं वाटी कालवता कालवता विचारलं.

"तीन माझ्या डोक्यामागं फळीवर ठेवायच्या. झाकणं काढून. तीन मागच्या अंगणात."

ती थांबली. ब्रश वाटीत उभा राहिला. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला फार समजावून सांगावं लागत नाही. तिनं पेटी उचलून मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचलं, डोळ्यांपासून लांब धरून.

"अमोनिया," ती म्हणाली.

"हं."

"वर्षभर?"

"हं."

"अहो, काखेत कळसा नि गावाला वळसा!" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं, तेव्हा तिनं हसणं जरा कमी केलं. "मावशीचं काय मग?"

"म्हणून तर बाटल्या."

"सांगाल ऑफिसात?"

"सांगावं लागेल. वर्षभर कुणाला कळू दिलं नाही की..."

"काय कळू दिलं नाही?"

"केस रंगवतो ते."

बायकोनं ब्रश खाली ठेवला. "बुधवारी पांढरं डोकं घेऊन गेलात आणि गुरुवारी कोळसा घेऊन गेलात. भुवया अजून पांढऱ्या. कुणाला कळायचं राहिलंय?"

"कुणी काही बोललं नाही."

"चांगली माणसं आहेत म्हणून."

मग तिनं रंग लावला. प्रयोगासाठी लावणं भागच होतं. त्या दिवशी मात्र ती दुकानाचं काही बोलली नाही, आणि चाळीस मिनिटं संपल्यावर दोघांनी मिळून झाकणं लावली. तिनं चिकटपट्टीवर 'अ' आणि 'ब' लिहिलं. तिचं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं होतं.

गुरुवारी अण्णा प्रयोगशाळेत आले आणि स्वतःच्या खोलीत गेले नाहीत. बाहेर बोळातल्या बाकावर बसले. मॅडमच्या हातात सहा बाटल्या दिल्या.

"आज तुम्ही मोजा. या सहा, आणि धक्क्यावरच्या चोवीसही."

"तुम्हाला बरं नाही का?"

"बरं आहे. मी आत आलो तर बिघडेल."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता आत गेल्या. मोजणीला तीन तास लागतात. बोळ पुसायचा गुरुवार होता, मावशीचा शेवटचा. ती पुसत पुसत बाकापाशी आली. अण्णांनी पाय वर घेतले. तिनं बाकाखालचं पुसलं. अण्णांनी पाय खाली ठेवले.

बारा वाजता मुकादम आला. बदलीच्या कागदावर मावशीची सही हवी होती आणि मॅडमची. सगळे मॅडमच्या खोलीत जमले. अण्णा दाराबाहेर उभे राहिले, खिडकी उघडी करून घेतल्यावर आत आले.

मॅडमच्या हातात आकड्यांचा कागद होता.

"धक्क्याचं पाणी साधं आहे," त्या म्हणाल्या. "मावशींनी सकाळीच बोळ पुसलाय, आणि पाणी साधं आहे. कोऱ्या बाटल्या कोऱ्या आहेत. 'ब' कोऱ्या आहेत." त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "'अ' यंत्राच्या पट्टीबाहेर गेल्या. तीन वेळा पातळ करून मोजाव्या लागल्या. अण्णा, हे 'अ' ठिकाण कुठलं? असं ठिकाण शहरात असेल तर आरोग्य खात्याला कळवायला हवं."

"माझं डोकं," अण्णा म्हणाले.

खाली रस्त्यावर एक गाडी मागं घेताना वाजत होती, ती वाजून थांबली.

"मी केस रंगवतो," अण्णा म्हणाले. "एक बुधवार आड. रंगात अमोनिया असतो. गुरुवारी मी बाटल्यांवर वाकतो."

"रंगवता ते माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. "अमोनियाचं लक्षात आलं नाही."

"मलाही माहीत होतं," मुकादम म्हणाला. त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं.

मावशी अण्णांच्या डोक्याकडे बघत होती. रागानं नव्हे, एखाद्या डागाकडे बघावं तसं, कशानं निघेल याचा अंदाज घेत.

मॅडमनी त्यांच्या निबंधाचा गठ्ठा पुढं ओढला. उधाण, चिखल, जीवाणू, चंद्र. पहिल्या पानावर त्यांनी एक तिरकी रेघ मारली, सरळ, घाई न करता. मग अण्णांना विचारलं, "तुम्ही इतके जवळ का वाकता?"

"थेंब चुकू नये म्हणून."

"म्हणजे जितकी काळजी, तितका अमोनिया."

"हो."

"हे मात्र छापण्यासारखं आहे," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या असतील, पण तसं दिसलं नाही.

मुकादमानं घसा खाकरला. हुकूम निघालेला आहे, तो म्हणाला. हुकुमात कारण दिलेलं आहे. कारण बदललं तर हुकूम बदलतो, पण कारण लेखी पाहिजे, पुराव्यासकट, आणि आजच्या आज, कारण उद्या एक तारीख. मॅडमनी कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. स्रोत: तंत्रज्ञाचे डोके.

"डोके नको," अण्णा म्हणाले. "केस लिहा."

"मोजलं डोक्याजवळ आहे. केस वेगळे काढून मोजलेले नाहीत."

हे बरोबर होतं. अण्णांनी मान हलवली. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या हातानं आणखी दोन वाक्यं लिहिली. आधीचा निष्कर्ष माझा होता. तो तपासल्याशिवाय लिहिला होता. सही केली, तारीख घातली. मुकादमानं तो कागद बदलीच्या कागदाला टाचणीनं लावला आणि दोन्ही घेऊन वर गेला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत अण्णांचं डोकं पहिल्यांदा सरकारी फायलीत चाललं होतं.

दुपारभर काही कळलं नाही. मावशी एक वाजता घरी गेली आणि दीडला परत आली, शेवटचंच म्हणून. साडेचारला वरून निरोप आला, की पत्र सोमवारी मिळेल, तोवर आहे तिथंच काम करावं.

अण्णांनी दारावरच्या कागदावर पंधरावा नियम टंकून चिकटवला. त्यात त्यांनी 'कुणीही' हा शब्द वापरला नाही. 'मी' असं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, नियम असे लिहीत नाहीत. अण्णा म्हणाले, हा एकच आहे.

वर्षभरातले चढलेले गुरुवार वहीतून काढून टाकल्यावर मागं जे राहिलं, ते फार थोडं होतं. उन्हाळ्यात हिरव्यांची भूक जरा वाढते, थंडीत जीवाणू जरा मंदावतात. उजेडातली बाटली घेते, अंधारातली देते. मॅडमनी त्या आकड्यांच्या आलेखाची रेघ खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी ती वर-खाली होत होती.

"एवढंच होतं तर," त्या म्हणाल्या.

"एवढंच," अण्णा म्हणाले. "पण खरं आहे."

त्यानंतरच्या सुट्टीच्या बुधवारी बायकोनं विचारलं, आता रंग नाही, मग काय करायचं? अण्णा टॉवेल गळ्याभोवती गुंडाळून आधीच बसले होते. ती थोडा वेळ मागं उभी राहिली. मग कोरडा कंगवा घेऊन केसांतून फिरवायला लागली, आणि दुकानात कोण आलं होतं ते सांगायला लागली.

मावशीचं पत्र मात्र सांगितल्याप्रमाणे सोमवारी आलं नाही, त्यापुढच्या सोमवारी आलं. अण्णा सकाळी मजल्यावर पोचले तेव्हा ती बोळाच्या मध्यावर पत्र हातात घेऊन उभी होती. दहा दिवसांत ती त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नव्हती.

"चष्मा घरी राहिलाय," ती म्हणाली. "वाचा."

अण्णांनी वाचलं. "सदर कर्मचाऱ्याच्या कामात कोणताही दोष आढळून आला नाही. बदलीचा आदेश रद्द करण्यात येत आहे."

"पुन्हा वाचा. मोठ्यानं."

त्यांनी मोठ्यानं वाचलं. दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून कुणीकुणी डोकावलं. मावशीनं पत्र घेतलं, घडी घातली आणि कमरेला खोचलं.

"मावशी," अण्णा म्हणाले, "माझं चुकलं."

"ते फायलीत आहे," मावशी म्हणाली. "मुकादम सांगत होता."

ती कामाला लागली. बोळ पुसायच्या गुरुवारी दुपारी अण्णा धक्क्यावरून परत आले तेव्हा तिनं बोळ एका टोकापासून पुसत आणला होता आणि घड्याळात एक वाजत आला होता. अण्णा नेमके मधे सापडले. पुढं ओलं, मागं ओलं, पायाखाली हातभर कोरडा तुकडा.

"तिथंच उभे राहा," मावशी म्हणाली. बादली भिंतीला लावली, हात पुसले. "पाय उमटवू नका. मी त्याला भरवून येते, तोवर वाळेल."

ती जिना उतरून गेली. खालचं मागचं दार वाजलं. भिंतीपलीकडून, तिच्या घरातून, भांड्याचा आवाज आला आणि तिचा आवाज आला. काहीतरी ती म्हणत होती, ओळीला ओळ लावून. शब्द इथपर्यंत पोचत नव्हते, चाल पोचत होती.

समुद्राकाठी फरशी लवकर वाळत नाही. मॅडम खोलीतून बाहेर आल्या, गार झालेला चहा हातात.

"अण्णा, काय करताय?"

"उभा आहे," अण्णा म्हणाले.